किलोनं घेतलेलं, नगानं विकलेलं

यवतमाळहून परत येऊन तीन आठवडे झाले. माझा राग अजून उतरलेला नाही. जुन्या मोटारींच्या नादातले आमचे मित्र येतात आणि विचारतात, "काय, मिळाला का माल? कसा आहे तो माणूस?" प्रत्येकाला तोंडी सांगून मी थकलो, म्हणून आता लिहूनच काढतो.

मी कोल्हापूरचा. फाउंड्रीत ओतकामाचे लाकडी साचे करतो. आमच्या घरामागच्या शेडमध्ये आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गाडी उभी आहे. चौपन्न सालची, आठ सिलेंडरची अमेरिकन गाडी. आबा मिस्त्री होते. एका सरदारांच्या वाड्यावर लिलाव झाला तेव्हा कोणी हात लावत नव्हतं, ती त्यांनी उचलून आणली आणि पुढची पंचवीस वर्षं कोल्हापुरातल्या निम्म्या वराती तिच्यातून काढल्या. मग तिचा स्टेअरिंग बॉक्स गेला. चक्र अर्धा फेरा फिरवलं तरी पुढच्या चाकांना पत्ता नाही. "वरातीत माणसं चालत असतात," असं म्हणून आबांनी किल्ली खिळ्याला अडकवली. आता ते एक्याऐंशी वर्षांचे आहेत. बॉक्सचं बाहेरचं कवच मी ओतून करू शकलो असतो, पण आतला पेचदार दांडा आणि त्याच्यावर चालणारे दाते मला दोनदा करूनही साधले नाहीत. असले भाग विकणारे देशात दहा-बारा जण. त्यांचे भाव ऐकले की वाटतं, ही माणसं लोखंड विकतात की देवाचे टाक? त्यातल्याच एकाचा पत्ता पुण्याच्या एका शौकिनाने दिला. यवतमाळजवळ, लोहाऱ्याला.

लोहारा, शुक्रवार

यवतमाळला उतरलो तेव्हा सकाळ होती आणि थंडी आमच्याकडच्यापेक्षा कोरडी. स्टँडसमोर तर्री-पोहे खाल्ले. पोह्यांवर लाल रस्सा ओततात, हे आम्हा कोल्हापूरकरांना पटायला वेळ लागतो. तिखटाचा मक्ता आपल्याकडेच आहे अशा समजुतीत मी दुसऱ्यांदा तर्री मागितली आणि डोळे पुसत उठलो. गाडेवाला म्हणाला, "हळू हळू घ्या ना भाऊ. गाडी कुठं सुटून राह्यली तुमची."

लोहाऱ्याकडे ऑटोने निघालो. रस्त्याच्या कडेला बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले होते. खरेदी केंद्राच्या फाटकाबाहेर बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग लागली होती. बैल सोडलेले, माणसं गाड्यांखाली आडवी. ऑटोवाला म्हणाला, तिसरा दिवस आहे, काटाच सुरू झाला नाही. कापसाचं हे वाईट वर्ष. आम्ही त्याबद्दल कोल्हापुरात पेपरात वाचतो आणि पान उलटतो.

गुणवंतशेठचं शेड औद्योगिक वसाहतीच्या शेवटच्या ओळीत. कापसातून सरकी काढणाऱ्या, आता बंद पडलेल्या जिनिंगचे रूळ, पट्टे, चाकं, विहिरींवरच्या मोटारी, नळ्या, नांगराचे फाळ यांचे आत वेगवेगळे ढीग. दाराशी मोठा वजनकाटा. शेठ पन्नाशीचे, अंगात पांढरा स्वच्छ सदरा, बोलणं गोड. मी उभा होतो तेवढ्यात एका माणसाने सायकलवरून पाण्याची मोटार आणली. काट्यावर टाकली. शेठनी वजन सांगितलं, भाव सांगितला. माणूस नुसता मान हलवून उभा राहिला.

मग शेठ मला मागच्या खोलीत घेऊन गेले. तिथे काटा नव्हता. तिथे फळ्यांवर, खाली कापड अंथरून, माझ्यासारख्यांसाठीचा माल मांडला होता. हेडलाइटच्या कड्या, दारांच्या मुठी, घड्याळं. कोपऱ्यात लाकडी ठोकळ्यांवर आठ सिलेंडरचं अख्खं इंजिन. मी त्याच्याकडे बघत राहिलो, आणि शेठ माझ्याकडे. तेवढ्या वेळात त्यांचा भाव ठरला असणार.

"स्टेअरिंग बॉक्स हाये," ते म्हणाले. "पण मी देईन का नाई, सांगता येत नाई. मुंबईचं एक गिऱ्हाईक मागून राह्यलं."

डबा दाखवला. माझंच मॉडेल. चक्राचा दांडा फिरवून पाहिला, आतले दाते शाबूत. माझा आनंद चेहऱ्यावर दिसला हे मलाही कळलं. त्यांनी सांगितलेली किंमत म्हणजे माझा तीन महिन्यांचा पगार.

मी म्हणालो, "अहो, हा कान तुटून जोडलाय. हे बघा, पितळ ओतून जोडलंय."

चासीला बोल्ट मारायचा जो कान असतो, त्याच्या मुळाशी पितळेची पिवळी रेघ स्पष्ट दिसत होती.

"कंपनीतूनच तसा येते," शेठ म्हणाले.

मी बावीस वर्षं ओतकामात आहे. अमेरिकेतली कंपनी मोडका कान पितळेने जोडून नवा माल पाठवते, हे मला तोंडावर सांगताना त्यांची पापणीसुद्धा हलली नाही. मी भांडलो. ते हसले. मी दुसऱ्या दिवशी येतो म्हणून निघालो, आणि त्यांनी थांबवलंसुद्धा नाही. त्यांना माहीत होतं, मी सातशे किलोमीटरवरून आलोय.

लोहारा, शनिवार

दुसऱ्या दिवशी किंमत वाढलेली होती. "काल दिली असती," शेठ म्हणाले. "मुंबईवाल्याचा फोन आला रात्री."

मी चहा नाकारला, पाणी नाकारलं, एकदा फाटकापर्यंत चालत जाऊन परत आलो. शेवटी पहिल्या दिवशीचीच किंमत देऊन डबा घेतला आणि वर त्यांचे आभार मानले. या गोष्टीची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. पावती मागितली तर म्हणाले, "भंगाराची कायची पावती?" विकताना तो दुर्मिळ माल होता, पैसे गल्ल्यात पडल्याबरोबर भंगार झाला.

दारांच्या मुठी पाहिजे होत्या, त्यांचे भाव विचारायची हिंमत उरली नव्हती. लॉजच्या खाली जेवताना खानावळीच्या मालकाला चिडून हे सगळं सांगत होतो. त्याने बेसनाच्या पाटोडीचा रस्सा वाढता वाढता ऐकलं आणि म्हणाला, "अशी गाडी घाटंजीले होती ना. पॅसेंजर भरत होती. जिनिंगच्या जुन्या शेठजींची. चौदा-चौदा लोक बसत. हल्ली दिसत नाई." मला वाटलं, तिचा मालक भेटला तर मुठी सरळ त्याच्याकडूनच घ्याव्यात. मधला माणूस नकोच.

घाटंजी, रविवार

स्टेअरिंग बॉक्स लॉजवर ठेवायचा धीर झाला नाही. गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेऊन बसलो. बाजाराचा दिवस असावा, कारण बसमध्ये टोपल्या, कोंबड्या आणि एक शिलाई मशीनही होतं. घाटंजीत उतरलो तर बाजार भरलेला, पण आवाज कमी. कापडवाल्यांच्या पालांपुढे लोक कापड हातात घेऊन बघत आणि परत ठेवत होते.

मोठी अमेरिकन गाडी म्हटल्यावर पहिल्याच माणसाने बोट दाखवलं. बाजाराच्या मागे हनीफभाईंचं गॅरेज. पत्र्याच्या छपराखाली ती उभी होती. मी क्षणभर तिथेच थांबलो. आबांच्या गाडीची बहीण. रंग तीनदा बदललेला, मागच्या काचेच्या जागी ताडपत्री, बॉनेटखाली जीपचं डिझेल इंजिन. पुढची दोन्ही चाकं दोन दिशांना तोंडं करून उभी.

हनीफभाई साठीचे, सडपातळ, चष्म्याला दोरा बांधलेला. मी आलो कशासाठी ते सांगितलं. दारांच्या मुठी पाहिजेत म्हटल्यावर त्यांचं तोंड उतरलं.

"मुठी विकल्या तर दारं उघडतील कशी?" ते म्हणाले. "गाडी मेली नाही साहेब. तिचा स्टेअरिंग डबा नाही, म्हणून उभी हाये. डबा भेटला का तासाभरात चालू."

मग त्यांची नजर माझ्या हातातल्या गोणपाटाकडे गेली. बाहेर आलेला दांडा त्यांनी पाहिला. "ये क्या लाए आप?"

मी उघडून दाखवलं. त्यांनी डबा हातात घेतला, उलटा केला, चष्मा वर सरकवला आणि पितळेच्या रेघेवरून अंगठा फिरवला.

"हा कान म्या जोडला," ते म्हणाले. "चार वर्षं झाले. आणि हे तीन घाव पाहा. छिन्नीचे. खोलताना मी निशाणी करत असतो. आता इकडे या."

ते गाडीखाली वाकले, मीही वाकलो. डब्याला जोडायची खालची दांडी गाडीलाच लटकत होती. तिच्यावर छिन्नीचे तीन घाव. हनीफभाईंनी डबा तिथे नेऊन धरला. घावाला घाव लागला.

मी गाडीशेजारी जमिनीवरच बसलो.

गाडीचा मालक उत्तम मेश्राम. त्याला बोलावणं गेलं, तो शेतातून आला. कापूस वेचायला गेला होता, मजुरीने. चाळिशीचा, अबोल माणूस. त्याचे वडील जिनिंगच्या शेठजींचे ड्रायव्हर होते. जिनिंग बंद झालं तेव्हा शेठजींनी गाडी त्यांना देऊन टाकली. पेट्रोल परवडेना, म्हणून उत्तमने डिझेल इंजिन बसवलं आणि जुनं इंजिन विकलं. कुणाला? गुणवंतशेठला. किलोने. लोहाऱ्याच्या मागच्या खोलीत ठोकळ्यांवर देवासारखं बसवलेलं ते इंजिन मी परवाच पाहून आलो होतो.

"आणि हा डबा?" मी विचारलं.

"आठ महिन्यांमागं चक्र जड झालतं," उत्तम सांगू लागला. "एक दाता घासला होता. शेठ म्हणाले, नागपूरले माणूस हाये, डबा दे, दाता भरून आणून देतो. मी नेऊन देला. दोन महिने गेले, चार गेले. मंग म्हणाले, नागपूरवाल्यानं हरवला. आता गाडीचं काय करतं, आणून टाक माह्याकडं, किलोनं घेतो. तीनदा निरोप आला."

मी त्याला विचारलं, पोलिसात का गेला नाहीस? त्याने उलट विचारलं, "ते शेठचं ऐकतीन का माहं?"

आता खरं ते लिहितो. त्या वेळी माझ्या मनात पहिला विचार उत्तमचा आला नाही. मनात आलं, मी पैसे मोजलेत. आबा वाट बघतायत. मी हा डबा चोरलेला नाही, गोणपाटात गुंडाळून निघून गेलो तर मला कोण अडवणार? दोघेही अडवणार नव्हते. हनीफभाईंनी तर डबा उचलून परत माझ्या मांडीवर ठेवला होता. "तुमचा पैसा गेला याच्यात," ते म्हणाले. "तुम्ही सांगान तसं."

त्यांनी भांडण केलं असतं तर मी कदाचित डबा घेऊन उठलो असतो. मी बाहेर जाऊन रस्त्यावर उभा राहिलो. राग कोणाकोणाचा येत होता ते सांगता येत नाही. शेठचा तर होताच. पण पुण्याच्या त्या शौकिनाचा, असल्या भागांची छायाचित्रं दाखवून मिरवणाऱ्या आम्हा सगळ्यांचा, आणि काल "थँक्यू शेठ" म्हणणाऱ्या माझा. आम्ही मागेल ती किंमत देतो, म्हणून चालत्या गाड्यांचे हातपाय कापले जातात. मेलेल्या गाड्या कधीच संपल्या आहेत.

आत जाऊन म्हणालो, "बसवा."

घाटंजी, सोमवार

काम तासाभराचं नव्हतं. घासलेला दाता हनीफभाईंनी आणि मी मिळून पाहिला. शेठने नागपूरला काही पाठवलंच नव्हतं, दाता तसाच होता. नुसतं घट्ट आवळून, ग्रीस भरून चक्र फिरतंय असं दाखवलं होतं, आणि मी सातशे किलोमीटरवरून आलेला मोठा जाणकार त्याला फसलो होतो. हनीफभाईंनी त्यावर धातू भरला आणि मी कानशीने आकार दिला. साचे करून करून हाताला मापं लागलेली असतात, ती इथे कामाला आली. ते माझ्या हातावर नजर ठेवून होते. दोनदा म्हणाले, "बस, बस, जास्ती जाईन." एकदा माझ्या हातातून कानस काढून घेतली. दुपारी त्यांच्या घरून भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा आला. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करून करून जेवू घालतात, इथे ताट ठेवून निघून गेले. मी पोटभर जेवलो.

चार वाजता चक्र फिरवलं आणि दोन्ही चाकं एकदम एका बाजूला वळली. उत्तम गाडीत बसला, बाजाराला एक फेरी मारून आला आणि मला म्हणाला, "चालवा तुम्ही."

घाटंजीच्या बाहेर, तुरीच्या शेतांमधून, मी ती दोन किलोमीटर चालवली. लहानपणी आबांच्या मांडीवर बसून धरलेलं तेच मोठं चक्र. मला आनंद झाला असं लिहायला पाहिजे. झालाही. पण राग त्याच्या शेजारीच बसला होता.

यवतमाळ, मंगळवार

सकाळी उत्तमने पॅसेंजर भरले. मी मोजले, मला धरून पंधरा. माझ्याशेजारी एक म्हातारी बाई बसल्या होत्या, सुनेच्या बाळंतपणाला निघालेल्या. त्यांनी उत्तमला विचारलं, "हे कोण?"

"याहीनं डबा आणला आपला."

बाईंनी मला खालून वर पाहिलं. "मंग आठ महिने कुठं होते तुम्ही? मले चालत जा लागलं ना फाट्यावर."

मी माफी मागितली. दुसरं काय करणार?

यवतमाळला सगळे उतरल्यावर मी उत्तमला म्हणालो, मी लोहाऱ्याला जाऊन येतो, पैसे मागतो. तो म्हणाला, "मीच नेतो."

शेठनी गाडी फाटकातून आत येताना पाहिली आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. पण अर्धा मिनिटच. मी ओरडलो. आयुष्यात एवढा ओरडलो नसेन. दुरुस्तीसाठी घेतलेली वस्तू तुम्ही मला विकली, हनीफभाईंच्या निशाण्या जुळल्या, सगळं सांगितलं. शेठ शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "लोखंडावर कोणाचं नाव नसते साहेब. पावती हाये का तुमच्यापाशी? याच्यापाशी हाये का?"

उत्तम पुढे झाला. "शेठ, माह्या हातानं देला तुमाले. इथंच. काट्यापाशी."

"असन," शेठ म्हणाले. "मले याद नाई."

पैसे मिळाले नाहीत, मिळणार नाहीत. शेठनी वर सांगितलं, कोल्हापूरहून पुन्हा येणं झालं तर दुसरा डबा बघून ठेवतो.

एवढं होत असताना मागच्या खोलीतून एक गृहस्थ बाहेर आले. इस्त्रीचे कपडे, गळ्यात कॅमेरा. फाटकाबाहेरची पुण्याच्या नंबरची गाडी त्यांचीच असणार; मला पत्ता देणारे ते मात्र नव्हेत. ते ठोकळ्यांवरचं इंजिन पाहायला आले होते. मी त्यांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं, इंजिन कुणाचं, किलोने कसं गेलं, डब्याचं काय झालं. त्यांनी मध्येमध्ये "अरे बाप रे" म्हटलं. पण त्यांचे डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे उत्तमच्या गाडीवर होते. मी बोलत असतानाच ते तिच्याकडे चालू लागले. भोवती एक फेरी मारली, पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं, वाकून दाराच्या मुठी पाहिल्या. परवा हनीफभाईंच्या छपराखाली मीही याच मुठींसाठी आलो होतो.

मग त्यांनी उत्तमला विचारलं, "विकायची आहे का? किंमत बोला तुम्ही."

उत्तम चक्रावर बसला होता. त्याने इंजिन चालू केलं.

"नाई साहेब," तो म्हणाला. "घाटंजीले जायचं असन त बसा. मागं जागा हाये."